आक्रमक समुद्रशैवाल तणनाशक म्हणून वापरावं का?

किनारवारा

नमस्कार मंडळी. माझी भाजीची बाग समुद्रापासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. गेली काही वर्षं ठरावीक महिन्यांत किनाऱ्यावर तपकिरी शेवाळाचे ढीग येऊन पडतात. हे शेवाळ मूळचं इथलं नाही, बाहेरून येऊन फोफावलेलं आहे. दोन दिवसांत कुजायला लागतं आणि मग किनाऱ्यावर उभं राहवत नाही. इकडे बागेत हरळी, लव्हाळा, केना आणि घोळ यांनी जीव नकोसा केलाय. रासायनिक तणनाशक मला फवारायचं नाही, आणि रोजची खुरपणी आता गुडघ्यांना झेपत नाही.

आक्रमक समुद्रशैवाल हे नैसर्गिक तणनाशक आहे, असं अलीकडे बऱ्याच ठिकाणी वाचलं. म्हटलं, एका त्रासानं दुसरा त्रास जात असेल तर आणखी काय हवं. टोपल्या भरून शेवाळ आणलं आणि न धुता, ओलंच, वीतभर जाडीनं दोन वाफ्यांवर पसरलं. एक वाफा रिकामा होता. दुसऱ्यात घेवड्याची रोपं चार पानांवर आली होती.

रिकाम्या वाफ्यात महिनाभर एकही तण उगवलं नाही, मी अगदी हरखून गेले. घेवड्याच्या वाफ्यात मात्र आठव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या आणि पंधरा दिवसांत निम्मी रोपं गेली. सगळ्यात वाईट म्हणजे त्याच वाफ्याच्या कडेनं हरळी हिरवीगार आत सरकत होती. जे मारायचं होतं ते जगलं आणि जे जगवायचं होतं ते मेलं. असं का झालं? शेवाळात तण मारणारं काही द्रव्य खरंच असतं का? आणि त्याचा अर्क काढून फवारला तर चालेल का? जाणकारांनी सांगावं.

मातीशी_नातं

ताई, तुमच्या घेवड्याला मिठानं मारलंय. हरळी का जगली याचं उत्तरही मिठातच आहे.

जमिनीतल्या क्षारांचं प्रमाण विद्युतवाहकतेवरून मोजतात. आपण त्याला ईसी म्हणतो, एकक डेसिसीमेन्स प्रति मीटर. प्रत्येक पिकाची एक मर्यादा असते. ईसी तिच्या वर गेली की वाढ खुंटायला लागते. घेवड्याची मर्यादा जेमतेम १ आहे. गाजर आणि स्ट्रॉबेरीचीही तेवढीच. कांदा १.२, बटाटा आणि मका १.७, टोमॅटो २.५. बीट ४ पर्यंत तग धरतं, बार्ली ८ पर्यंत. आता हरळीचा आकडा बघा: ६.९. म्हणजे मिठानं हरळी मारायची ठरवलीत तर त्याआधी बागेतली जवळजवळ प्रत्येक भाजी मेलेली असेल. घोळसुद्धा खाऱ्या जमिनीत चांगली टिकते.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ताज्या शेवाळात ८० ते ९० टक्के पाणीच असतं, शिवाय वरून समुद्राचं पाणी चिकटलेलं. वीतभर थर न धुता घालणं म्हणजे वाफ्यावर मिठाची पिशवी रिकामी करण्यासारखं आहे. पाऊस किंवा झारीचं पाणी पडलं की ते सगळं मुळांशी उतरतं.

एक काळजी चिकणमातीची. सोडियम वाढलं की चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, माती पाण्यात विरघळल्यासारखी होते आणि वाळली की दगडासारखी घट्ट बसते. पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही. तण एका हंगामाचं असतं, बिघडलेली माती सुधारायला मात्र काही हंगाम जातात. तुमची जमीन कशी आहे?

किनारवारा

रेताड आहे. पण तुमचे आकडे वाचून पोटात गोळा आला. मी दुसऱ्या वाफ्यात कांदा लावणार होते.

मातीशी_नातं

रेताड असेल तर तुम्ही वाचलात. भरपूर गोड्या पाण्यानं दोन-तीनदा वाफा भिजवून निचरा होऊ द्या, रेतीतून मीठ लवकर धुऊन जातं. चिकणमाती असती तर आधी जिप्सम घालायला सांगितलं असतं, म्हणजे कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि मग पाण्याबरोबर सोडियम खाली जातं. कांदा लावण्याआधी एका कोपऱ्यात मुळ्याचं थोडं बी टाकून बघा. उगवण नीट झाली तर पुढे जा.

अनिकेत_रोपे

मग रिकाम्या वाफ्यात महिनाभर तण का आलं नाही? तेही फक्त मीठच का?

मातीशी_नातं

मीठ थोडं, अंधार जास्त. पुष्कळ तणांचं बी बारीक असतं आणि त्याला रुजायला उजेड लागतो. वर जाड थर आला की बी झोपूनच राहतं. पेंढा, पालापाचोळा किंवा जाड पुठ्ठा घातला तरी हेच होतं. हरळी आणि लव्हाळा यांना मात्र बियांची गरज नाही. हरळी धावत्या खोडानं पसरते. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत खोल असतात आणि त्याचा कोंब इतका टोकदार की प्लॅस्टिकचा कागदसुद्धा भोकसून वर येतो. त्याच्यापुढे शेवाळाचा काय पाड!

सागरपर्णी

मी सागरी वनस्पतींचा अभ्यास केला आहे, म्हणून द्रव्याच्या प्रश्नावर लिहिते.

शेवाळात अशी द्रव्यं असतात, हे खरं आहे. तपकिरी शेवाळांत फ्लोरोटॅनिन नावाची संयुगं असतात. ती शेवाळ खायला येणाऱ्या प्राण्यांना दूर ठेवतात आणि अंगावर दुसरं काही वाढू देत नाहीत. कॉलर्पा या हिरव्या शेवाळात कॉलर्पेनाइन नावाचं विषारी टर्पीन असतं. टर्पीन म्हणजे वनस्पतींत तयार होणारं एका प्रकारचं संयुग. रुगुलोप्टेरिक्स ओकामुरे या तपकिरी शेवाळातही अशीच टर्पिनं सापडतात आणि म्हणून त्याला खाणारे प्राणी कमी. नव्या ठिकाणी ही शेवाळं इतकी फोफावतात यामागचं ते एक कारण आहे. 'शत्रूला हटवणारं द्रव्य आहे, तर ते तणालाही हटवेल' हा विचार तिथूनच येतो आणि तो चुकीचा नाही. प्रयोगशाळेत अशा अर्कांनी बियांची उगवण रोखल्याचं दिसतंही.

पण काचेच्या बशीतली उगवण आणि जमिनीतली उगवण यांत फार अंतर आहे. मातीत सूक्ष्मजीव ही संयुगं खातात, सेंद्रिय पदार्थ आणि चिकणमाती त्यांना धरून ठेवतात, पाणी त्यांना पातळ करतं. आणि बशीतल्या प्रयोगातही एक मोठी पळवाट राहते: अर्कातल्या द्रव्यानं बी थांबलं की अर्कातल्या मिठानं? हे वेगळं करायचं असेल तर तिसरी बशी लागते. एकीत साधं पाणी, दुसरीत शेवाळाचा अर्क, तिसरीत अर्काच्याच ईसीचं मिठाचं पाणी. अर्क आणि मीठपाणी सारखंच वागले तर श्रेय मिठाचं. किनारवारा, तुमच्याकडे ईसी मीटर असेल तर हे घरी करता येईल. मला निकाल वाचायला आवडेल.

बांधावरची_माई

मी चाळीस वर्षं माती हाताळतेय, शास्त्र कमी कळतं. पण शेवाळाचं द्रवखत आम्ही पिकाला घालायचो ते वाढीसाठी. बाटलीवर लिहिलेलं असतं, मुळं वाढतात, फुटवा वाढतो. मग तेच शेवाळ तण मारतं कसं म्हणता?

सागरपर्णी

माई, अगदी मुद्द्याचं विचारलंत. दोन्ही खरं आहे, फरक मात्रेचा. शेवाळाच्या अर्कात सायटोकायनिन आणि ऑक्सिनसारखी संप्रेरकं, मॅनिटॉल, अल्जिनेट, भरपूर पोटॅश असतं. खूप पातळ केलेला अर्क उगवण आणि मुळं वाढवतो. तोच दाट दिला की उगवण दाबतो. यातली अडचण तुमच्या लगेच लक्षात येईल: तण मारायला म्हणून फवारलं आणि अर्क अंदाजापेक्षा पातळ निघाला, किंवा पावसानं पातळ झाला, तर आपण तणाला खत घातलं. दाट ठेवला तर मीठ जमिनीत. घरी काढलेल्या अर्काची मात्रा दर वेळी वेगळी येणार, कारण शेवाळ कोणत्या ऋतूत आणि कुठे वाढलं त्यावर त्यातली द्रव्यं बदलतात.

अनिकेत_रोपे

म्हणजे अर्क उकळून, साबणाचं पाणी घालून फवारायचा माझा बेत सोडून द्यावा?

सागरपर्णी

हो, सोडा. पानं करपलेली दिसतील आणि काम झाल्यासारखं वाटेल. सिरका किंवा पेलार्गोनिक आम्ल फवारल्यावरही असंच होतं. वरचा हिरवा भाग जळतो, जमिनीतली गाठ शाबूत राहते आणि तण पुन्हा फुटतं.

निसर्गातल्या द्रव्यापासून तणनाशक होऊच शकत नाही, असं मात्र म्हणत नाही. बाटलीब्रश झाडाखाली तण फारसं उगवत नाही, हे १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात एका रसायनतज्ज्ञाच्या लक्षात आलं. त्यातून लेप्टोस्पर्मोन हे द्रव्य सापडलं. ते स्वतः कमजोर होतं, म्हणून त्याच्या रेणूवर काम करत करत मेसोट्रायोन तयार झालं, जे मक्याच्या शेतात वापरतात. ते बाजारात यायला २००१ उजाडलं. एका निरीक्षणापासून खात्रीच्या मात्रेपर्यंत चोवीस वर्षं गेली. शेवाळातल्या एखाद्या टर्पीनचंही उद्या असं होईल, मला त्याची मनापासून आशा आहे. पण तो प्रवास घरातल्या पातेल्यात होणार नाही.

लाटांचा_हिशेब

चर्चा छान चालली आहे, पण 'आक्रमक' या शब्दाकडे कुणी वळलेलं नाही. मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

कॉलर्पा टॅक्सिफोलिया १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयासमोर समुद्रात दिसलं, तेव्हा ते जेमतेम एक चौरस मीटर होतं. तिथून ते भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर हजारो हेक्टरांत पसरलं. त्याचा सेंटिमीटरभर तुकडा तुटला तरी त्यातून नवं शेवाळ उभं राहतं. होडीच्या नांगराला, मासेमारीच्या जाळ्याला चिकटून ते प्रवास करतं. हेच शेवाळ २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका खाडीत सापडलं. तिथे त्यावर ताडपत्र्या अंथरून आत क्लोरीन सोडावं लागलं आणि ते संपलं असं जाहीर करायला २००६ साल आलं. वेळेत दिसलं म्हणून जमलं.

रुगुलोप्टेरिक्सचा उल्लेख वर आलाय. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत, सेउता इथे ते २०१५ मध्ये दिसलं आणि त्याच वर्षी तिथल्या किनाऱ्यांवरून पाच हजार टनांहून जास्त शेवाळ उचलावं लागलं. २०२२ मध्ये युरोपीय संघानं त्याला आक्रमक प्रजातींच्या यादीत घातलं. त्या यादीत नाव आलं की जिवंत स्थितीत बाळगणं, नेणं, विकणं यावर बंदी येते. म्हणजे 'किनाऱ्यावरून टोपलीत भरलं आणि बागेत टाकलं' हे काही ठिकाणी सरळसरळ कायद्याविरुद्ध ठरू शकतं, हेतू कितीही चांगला असला तरी. शेवाळ उचलण्याआधी आपल्या किनाऱ्यावर कुठली प्रजाती आहे आणि ती उचलायला परवानगी लागते का, हे विचारून घ्या.

आणखी एक. घुसखोराचा उपयोग सापडला की त्याला गिऱ्हाईक मिळतं. गिऱ्हाईक मिळालं की कुणीतरी ते मुद्दाम वाढवायला लागतं. मूळ फिलिपिन्सचं काप्पाफायकस अल्वारेझी हे शेवाळ लागवडीसाठी मन्नारच्या आखातात आणलं गेलं आणि २००८ मध्ये ते तिथल्या कुरुसडई बेटाजवळच्या प्रवाळांवर चढलेलं आढळलं. ते आलं होतं कॅराजीननसाठी, म्हणजे खाद्यपदार्थ दाट करायला वापरतात त्या द्रव्यासाठी, तणनाशकासाठी नव्हे. पण रस्ता तोच आहे. म्हणून माझं म्हणणं असं की वाहून आलेलं जरूर वापरा, पण 'हवंहवंसं' करू नका.

किनारवारा

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे येणारं शेवाळ एका जाणकार ओळखीच्यांना दाखवलं, ते सार्गासम निघालं. त्याला द्राक्षासारखे बारीक हवेचे फुगे असतात. ते यादीतलं नाही, उचलायला हरकत नाही असं विचारून घेतलं. आता तरी वापरू ना?

लाटांचा_हिशेब

विचारून घेतलंत, बरं केलंत. पण सार्गासम असेल तर एक गोष्ट माहीत हवी.

तरंगणारं सार्गासम २०११ पासून अटलांटिकच्या उष्णकटिबंधीय पट्ट्यात प्रचंड वाढलं. जून २०१८ मध्ये पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत ८,८५० किलोमीटर लांबीचा पट्टा उपग्रहांनी टिपला. त्यात दोन कोटी टनांहून जास्त शेवाळ होतं. एवढा माल फुकट पडलाय म्हटल्यावर खत, विटा, इंधन, सगळ्यांचे प्रयोग झाले आणि तेव्हा अडचण समोर आली ती आर्सेनिकची. सार्गासम समुद्रातून आर्सेनिक ओढून साठवतं. मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या नमुन्यांत सुक्या वजनावर २४ ते १७२ पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत तेवढे भाग) आर्सेनिक मिळालं. जनावरांच्या खाद्यातल्या शेवाळासाठी युरोपात मर्यादा ४० ची आहे आणि बहुतेक नमुने तिच्या वर होते. धुतल्यानं मीठ जातं, आर्सेनिक सगळं जात नाही. शेवाळ कुजून नाहीसं झालं तरी आर्सेनिक मातीतच राहतं आणि दर हंगामाला साचत जातं.

म्हणून पालेभाज्या आणि कंदमुळांच्या वाफ्यात सार्गासम घालू नका. फुलझाडं, कुंपण, पायवाट यांना ठीक आहे.

आणि कुजलेल्या ढिगात हात घालू नका. किनाऱ्यावर पडल्यावर सुमारे दोन दिवसांनी त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया सुटायला लागतात. सडक्या अंड्याचा वास येतो तो पहिल्याचा. डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं, दम्याच्या माणसाला जास्त त्रास होतो. ताजं, त्याच दिवशी आलेलं उचला.

बांधावरची_माई

ताजं उचलताना खालची जुनी ओळ खरवडू नका गं. वाळूतले बारीक किडे त्यावर जगतात, पाखरं त्यांच्यावर. कासवं अंडी घालतात त्या दिवसांत तर किनाऱ्यावर फावडं नेऊच नये.

मातीशी_नातं

माईंशी सहमत.

आता धुण्याचं. फरशीवर किंवा जाळीवर पातळ पसरून गोड्या पाण्यानं तीनदा खंगाळा, दर वेळी निथळू द्या. निथळणारं पाणी बागेत, विहिरीजवळ किंवा ओढ्यात जाऊ देऊ नका. ते फडक्यातून गाळा म्हणजे तुकडे अडकतील, आणि ते तुकडे परत समुद्राकडे नेऊ नका, उन्हात कडक वाळवा. मग शेवाळ चिरून चार बोटं थर द्या, खोडापासून वीतभर जागा सोडून. वाळलं की थर फार आकसतो, चौथा हिस्साही राहत नाही, त्यामुळे पुन्हा भर घालावी लागते. पेंढ्यापेक्षा याचा एक फायदा मला फार मोलाचा वाटतो: पेंढ्याबरोबर तणाचं बी येतं, समुद्रातून आलेल्या शेवाळात जमिनीवरच्या तणाचं बी नसतं. लाकडासारखा कठीण भाग नसल्यानं ते लवकर कुजतं, हा गुणही आणि दोषही.

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या ॲरन बेटांवर लोकांनी उघड्या खडकावर वाळू आणि शेवाळ थरावर थर टाकून पिढ्यानपिढ्या शेतं उभी केली. जर्सी बेटावर बटाट्याला शेवाळ घालायची जुनी रीत आहे. या लोकांनी त्याच्याकडे खत म्हणून, माती म्हणून पाहिलं. मला वाटतं शेवाळाचं खरं काम तेच आहे. तण दबतं तो त्याचा जोडफायदा.

किनारवारा

तीन आठवड्यांनी परत आले. सागरपर्णी, तुम्ही सांगितलेल्या तीन बश्या केल्या. न धुतलेलं शेवाळ चिरून रात्रभर पाण्यात ठेवलं, गाळलं. अर्काची ईसी १६ आली. तेवढ्याच ईसीचं मिठाचं पाणी बनवलं. प्रत्येक बशीत ओल्या कागदावर मुळ्याचं वीस-वीस बी. सहाव्या दिवशी मोजलं: साध्या पाण्यात १९ रुजलं, अर्कात ५, मीठपाण्यात ७.

मग तीनदा धुतलेल्या शेवाळाचा अर्क तसाच काढला. त्याची ईसी २ च्या आसपास, आणि वीसपैकी १७ बी रुजलं.

सागरपर्णी

किती नेटकं काम केलंत! एका बशीवरून ठाम बोलता येत नाही, ५ आणि ७ मधला फरक वीस बियांत सहज पडू शकतो. अर्कात सोडियमबरोबर पोटॅशही असतं, म्हणून मीठपाणी ही अगदी तंतोतंत जोडी नाही. पण तुमच्या घेवड्याला कुणी मारलं हे यावरून कळतं. हाच प्रयोग तीनदा केलात आणि मुळ्याबरोबर एखाद्या तणाचं बी घेतलंत तर आणखी उपयोगी पडेल. घोळीचं बी घ्या, सहज गोळा होतं.

किनारवारा

घोळीचं बी जमवायला घेतलंय. तोवर धुतलेलं शेवाळ फक्त पायवाटेवर आणि जास्वंदीच्या कुंपणाखाली घातलंय. केना जवळजवळ थांबलाय. हरळी कडेनं येतेय, ती बसून मुळासकट काढते आहे, आणि काढलेल्या जागी जाड पुठ्ठा, त्यावर शेवाळ असा थर देते आहे. भाजीच्या वाफ्यांत पालापाचोळाच. वाफा भिजवून धुतला, मुळ्याची उगवण नीट झाली, काल कांद्याची रोपं लावली.

अनिकेत_रोपे

पुठ्ठ्याखालून लव्हाळा आला का?

किनारवारा

दोन ठिकाणी आला. गाठीसकट खणून काढला. एक गाठ वीतभर खोल सापडली, तिच्याखाली दोरीला बांधल्यासारखी दुसरी होती, तीही काढली.